सोनोग्राफीत काही निघाले नाही तरी पोट दुखते, त्याबद्दल

सोनोग्राफीत काही निघाले नाही म्हणजे दुखणे मनाचेच असावे, हे या चर्चेत मांडले गेलेले मत मला पटत नाही. मला अकरा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा आजार) आणि त्याच्या जोडीला पित्तनलिका आक्रसत जाण्याचा आजार, म्हणजे प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस आहे. नलिकांमधील अरुंद झालेल्या जागा साध्या सोनोग्राफीत अनेकदा दिसत नाहीत, त्यासाठी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करावी लागते. अर्थात माझ्या एमआरसीपीतही नवे काही आढळले नाही आणि उजव्या बरगडीखालचे दुखणे राहिलेच, त्यामुळे प्रत्येक कळेचे कारण सापडते असा माझा दावा नाही.

चर्चेत न आलेली तपासणी म्हणजे शौचातील कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाची. मिरजेच्या डॉक्टरांनी ती सांगितली. ते वाढलेले असेल तर आतड्याला सूज असण्याची शक्यता अधिक, आणि सामान्य असेल तर कळ निव्वळ आतड्याच्या संवेदनशीलतेमुळेही येत असू शकते. माझे सामान्य आले, म्हणून स्टिरॉइड पुन्हा सुरू करणे टळले. थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसू लागले तर मात्र मी त्याच दिवशी रुग्णालय गाठतो, कारण तो नलिकांमधील जंतुसंसर्ग असू शकतो. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी परस्पर घेत नाही, तिने कोलायटिस उसळू शकतो. सांगलीत राहून हळदीला नाही म्हणणे अवघड (नातेवाईक ऐकत नाहीत), परंतु हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीतली चिमूटभर हळद वेगळी.