मदत हवी आहे: पाहुण्यांच्या वाक्याचा शेवट ऐकूच येत नाही

प्रश्न (सूत्रधार)

४८ मिनिटांची मुलाखत आहे. दोन डायनॅमिक माइक, दोन वेगळे ट्रॅक, टेबल एकच. निवेदकाचा आवाज खणखणीत. पाहुण्या बाई हळू बोलतात आणि वाक्य संपता संपता आणखी खाली जातात. दोन्ही ट्रॅक एकत्र करून ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर) नॉर्मलाइझ केलं, काही फरक नाही. मग कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा इफेक्ट) लावला: थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर तो दाबतो) −३० डीबी (डेसिबल, पातळीचं माप), रेशो (किती दाबायचं) ८:१, मेक-अप गेन (दाबल्यावर सगळंच वर उचलणं) १२ डीबी. आता शब्द कळतात, पण प्रत्येक विरामात पंख्याची घरघर उसळून वर येते, आणि निवेदक हसले की पुढचे दोन-तीन शब्द दबतात. पैसे न घालता काय करता येईल?

प्रतिसाद १ (कानसेन)

एकत्र केलेली फाइल बाजूला ठेवा आणि मूळ ट्रॅक काढा. निम्मा घोळ तिथेच आहे. मिक्सवर कॉम्प्रेसर बसला की एकाच्या हसण्याची शिक्षा दोघांना होते.

नॉर्मलाइझ फाइलमधलं सर्वांत उंच टोक बघतं आणि सगळ्याला एकाच मापाने वर नेतं. हसण्याचं टोक आधीच −१ डीबीवर असेल (० म्हणजे फाइलची कमाल मर्यादा) तर बाकीच्यांना वर जायला जागाच नाही. लाउडनेस नॉर्मलायझेशनही सबंध फाइलला एकच आकडा लावतं, मोजणी तेवढी कानाला धरून असते. आतले चढउतार दोन्हींत जसेच्या तसे राहतात.

आता मुख्य दुखणं. आपलं क्रियापद शेवटी, आणि दमही तिथेच संपतो. ‘त्यांनी पैसे घेतले नाहीत’ यातलं ‘नाहीत’ १० डीबी खाली गेलं, की बसमध्ये ऐकणाऱ्याला नेमका उलटा अर्थ पोचतो. हे काम कॉम्प्रेसरवर सोडू नका, हातानेच करा. पाहुण्यांचा ट्रॅक सोलो करून (तेवढाच ऐकू येईल असा) एन्व्हलप टूल घ्या; त्यात ट्रॅकवर बिंदू ठेवून पातळीची रेघ वर-खाली ओढता येते. आवाज जिथून पडू लागतो तिथे एक बिंदू ठेवा, शेवटच्या अक्षरावर दुसरा ठेवून तो वर ओढा, आणि पुढच्या विरामात तिसरा बिंदू मूळ पातळीवर आणा. एन्व्हलप जास्तीत जास्त ६ डीबी वाढवतं, तेवढं पुरतं. रेघ पार सपाट करू नका. दोन-तीन डीबीचा उतार राहू द्या, नाहीतर वाक्य संपलं हे कानाला कळत नाही.

अख्खं वाक्यच हळू असेल तर विरामापासून विरामापर्यंत सिलेक्ट करून अँप्लिफाय +३ किंवा +४. सिलेक्शनची कड शब्दाच्या मध्ये आली तर पातळीची उडी ऐकू येते.

मग प्रत्येक ट्रॅकला वेगळा हाय-पास (खालची कंपनं कापणारा फिल्टर), ८० हर्ट्झ. हा कॉम्प्रेसरच्या आधीच हवा, कारण ‘फ’ आणि ‘भ’चे फटकारे आणि टेबलाचे धक्के खालच्या पट्टीत असतात आणि कॉम्प्रेसर त्यांनाच दचकून आवाज दाबतो. त्यानंतर रेशो ३:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १० मिलिसेकंद, रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) १५० च्या आसपास. थ्रेशोल्डचा आकडा कुणाचा उचलू नका. मीटरवर नेहमीच्या बोलण्यात ३ ते ५ डीबी कपात दिसेपर्यंत तो खाली आणा. रिलीज लांब ठेवला की हसण्यानंतरचे शब्द दबतात. फारच तोकडा ठेवला की भारी आवाज खरखरतो.

प्रतिसाद २ (रात्रपाळी)

पंख्याचं गणित सरळ आहे: १२ डीबी मेक-अप म्हणजे पंखाही १२ डीबी वर. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट) लावायचा मोह होईल, पण गेटला पंखा आणि हळू आवाजातलं ‘नाहीत’ यांत फरक कळत नाही. जे वाचवायला निघालात तेच कापलं जाईल. त्यापेक्षा निवेदक बोलत असताना पाहुण्यांचा ट्रॅक १० डीबी खाली घ्या. त्यांच्या माइकमध्ये निवेदकाचा आवाजही शिरलेला असतो, त्याने येणारा पोकळपणाही कमी होईल. पूर्ण शांत मात्र करू नका, खोलीच बदलल्यासारखी वाटते.

पुढच्या वेळी पंखा बंद, आणि पाहुण्यांचा माइक २० ऐवजी १० सेंटीमीटरवर. अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डीबी वाढतो आणि पंखा होता तेवढाच राहतो. ही वाढ कुठल्याही प्लगइनपेक्षा स्वच्छ.

सूत्रधार

ट्रॅकवार सुरू केलं. शेवटचा लाउडनेसचा आकडा किती ठेवू? फाइल मोनो (एकाच चॅनेलची) आहे. कुणी −१६ म्हणतं, कुणी −१९.

प्रतिसाद ३ (कानसेन)

दोघंही बरोबर. ॲपल पॉडकास्ट्सची शिफारस −१६ एलयूएफएसची (कानाला जाणवणाऱ्या लाउडनेसचं एकक), १ डीबी इकडेतिकडे चालतं. तीच पातळी एका चॅनेलच्या फाइलमध्ये −१९ मोजली जाते. ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये मोनोला ड्युअल-मोनो (तोच आवाज दोन चॅनेलवर) समजण्याची टिक असते. ती ठेवा आणि −१६ लिहा. टिकही ठेवली आणि −१९ही लिहिलंत, तर एपिसोड ३ डीबी हळू निघेल.

हे अंतिम मिक्सवर करा आणि त्यानंतर लिमिटर (ठरलेल्या पातळीवर टोकं रोखणारा इफेक्ट) −१.५ डीबीवर. शून्याला टेकवू नका, एमपी३ करताना टोकं थोडी वर सरकतात. लिमिटर ४ डीबीहून जास्त कापताना दिसला, तर मागे जाऊन निवेदकाचं ते हसणं हाताने ५-६ डीबी खाली घ्या आणि लाउडनेस पुन्हा मोजा.