पहिली ते चौथीला गाणं वर्गशिक्षकांनीच घ्यावं, पेटीवाल्या सरांची वाट बघत बसू नये

पांढरी_तीन
जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्ग तिसरी, पट २३. परवा आमच्या शिक्षण परिषदेत "संगीत शिक्षक दिल्याशिवाय गाणं शिकवायचं कसं?" यावर तासभर काथ्याकूट झाला. माझं कोणी धड ऐकलं नाही, म्हणून इथे लिहिते.

तो शिक्षक येणार नाहीये. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, आहेत, पण ते सहावी ते आठवीला, तेही पट शंभरच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीच्या रकान्यात तसलं काहीच नाही.

मी परिपाठानंतर रोज दहा मिनिटं घेते. पेटी नाही, मोबाइलवर तानपुरा. आधीचे गुरुजी प्रार्थना काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा मानून, धरायचे, त्यांच्या गळ्याला ती सोयीची. चाल मंद्रात, म्हणजे सा च्या खाली, उतरली की निम्मा वर्ग गप्प. सगळे म्हणायचे पोरं बेसूर आहेत. मी पांढरी तीन, म्हणजे त्याहून वरची पट्टी, लावली, आणि खालची ओळ पहिल्यांदा ऐकू आली. पोरं बेसूर नव्हती, खालच्या सुरांपर्यंत त्यांचा गळा पोचतच नव्हता!

दादरा हा सहा मात्रांचा ताल टाळ्यांवर करतो. 'धा धी ना'च्या धा ला टाळी, 'धा तू ना'च्या धा ला हात उलटा. याला गाण्यातली विशारद पदवी लागत नाही.

षड्जपंचम
ताई, तुम्हाला कान आहे म्हणून सूर वर घ्यायचं सुचलं. तुमच्या परिषदेतल्या किती जणांना सुचलं असतं?

वीस वर्षं क्लास घेतोय. माझ्याकडे पाचवी-सहावीत येणारी मुलं सा लावताना खालून घसरत येतात. भूपासारखा सोपा राग शिकवायचा म्हटलं तरी गंधार, म्हणजे ग, जागेवर नसतो. अक्षर चुकीचं गिरवलं की ते सोडवायला किती दिवस जातात ते तुम्हीच सांगा. सुराचंही तेच. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला संगीत विद्यालय काढलं, तेव्हा नुसते गायक नाही, शिकवणारेही तयार करायला घेतले. हंगेरीचा संगीतकार कोदाय, ज्याने शाळेतल्या गाण्यावर काम केलं, तो तर म्हणायचा की किश्वार्दासारख्या छोट्या गावात गाणं कोण शिकवतं, ते बुडापेस्टच्या ऑपेराचा संचालक कोण आहे यापेक्षा महत्त्वाचं. आणि आपण म्हणतो, कोणीही घ्या!

पांढरी_तीन
कोणीही नाही म्हटलं, वर्गशिक्षक म्हटलं. कोदायचं नाव काढलंत तर पुढचंही सांगा की: वाद्याच्या आधी गळा, आणि गाणं रोज. आठवड्यातून एकदा ४० मिनिटं घेऊन जाणाऱ्या सरांना २३ पोरांची नावंही पाठ होत नाहीत. मला कोण सर्दीने खाली गातंय तेही कळतं.

हिशेबी
माझा मुलगा तिसरीत आहे. हातच्याची वजाबाकी अजून येत नाही. ती दहा मिनिटं तिकडे द्या. गाणं ज्याला हवं तो क्लास लावेल.

रानमेवा
@हिशेबी, आमच्या गावात क्लासच नाही, लावू कुठे? आणि तुमचे पाढे कसे पाठ झाले होते? एका सुरातच ना? 'खेळू, करू, शिकू'चा, म्हणजे खेळ-कला-कार्यानुभवाचा, तास वेळापत्रकात असतो, प्रत्यक्षात गणितालाच जातो. तरी वजाबाकी येत नसेल तर दोष गाण्याचा नाही.

नुसते_ओठ
मी दोन्ही बाजूंवर जरा चिडून आहे. तिसरीत असताना स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच सांगितलं, "तू नुसते ओठ हलव हं." चांगल्या शिकलेल्या गाणाऱ्या बाई होत्या. आज वय ४२. गणपतीत आरतीला अजून ओठच हलवतो. बायकोला वाटतं मला आरत्या येत नाहीत. सगळ्या येतात, 'घालीन लोटांगण'सकट.

षड्जपंचम
वाचून वाईट वाटलं. असं कोणी करू नये. पण त्या बाईंना गायला शिकवलं होतं, मुलांना शिकवायला कोणी शिकवलं होतं का? माझं म्हणणं तेच आहे. @पांढरी_तीन, तुमच्या शिक्षकांना आधी तयार करा, मग दहा मिनिटं द्या.

पांढरी_तीन
मग तुम्हीच या. शनिवारी सकाळची शाळा असते, अकरानंतर आम्ही मोकळे. दहा-बाराजण जमतील. राग नको, परीक्षा नको. मुलांचा सूर कसा ओळखायचा आणि एखादा खाली गायला तर त्याला न दुखावता वर कसं आणायचं, एवढंच दोन तासांत शिकवा. @नुसते_ओठ, तुम्हीही चला.

षड्जपंचम
दोन तासांत होत नाही. चार शनिवार द्या. पेटी आणू?

पांढरी_तीन
आणा. पण भाता तुम्ही मारायचा नाही, आमच्यापैकी एकेकाला बसवा.

नुसते_ओठ
मी येतो. मागच्या रांगेत बसेन.