शिक्षिकेचा पगार आणि आईवडिलांचं घर

कृष्णाकाठ:
वय 31. एमएस्सी, बीएड. सात वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवतेय. महिन्याला 9,000, तेही दोन-तीन महिन्यांचे एकदम हातात येतात. राहते आईवडिलांकडे. परवा एका लग्नात काकांनी पंगतीतच विचारलं, "अजून बापाच्याच जिवावर का?" रात्रभर झोप लागली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ही शाळा माझे आईवडील चालवतात. मला खायला-राहायला ते देतात, म्हणून संस्थेला गणिताची शिक्षिका 9,000 मध्ये मिळते.

निवृत्त गुरुजी:
ताई, पगाराचं दुःख खरं आहे. पण आईवडिलांजवळ राहण्यात कसली लाज? आम्ही चार भाऊ लग्नं झाल्यावरही एका चुलीवर जेवलो. स्वतंत्र बिऱ्हाड म्हणजेच कर्तृत्व, हे शहरातलं खूळ आहे. काकांचं बोलणं मनावर घेऊ नका.

रोखठोक:
शिक्षकांना पगार कमी, असं सरसकट कुणी म्हणू नये. जिल्हा परिषदेत कायम झालेल्या प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतनच सातव्या वेतन आयोगात 29,200 पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता. शाळा विनाअनुदानित आहे हे रुजू होताना तुम्हाला माहीत होतं. मग सात वर्षं थांबलात कशाला? गणिताच्या माणसाला क्लासवाले दुप्पट देतात.

कृष्णाकाठ:
जिल्हा परिषदेचं दार उघडं होतं कुठे? भरतीसाठीची शिक्षक अभियोग्यता चाचणी डिसेंबर 2017 मध्ये झाली, तेव्हा माझं बीएड पूर्ण झालं नव्हतं. पुढची थेट फेब्रुवारी 2023 मध्ये. पाच वर्षं वाट बघितली आणि चार गुणांनी हुकली. इकडे शाळा आज ना उद्या सरकारी अनुदानाच्या 20 टक्क्यांच्या टप्प्यावर येईल असं दर वर्षी सांगतात. मध्येच सोडलं तर सेवाज्येष्ठता जाते.

डोंगरशाळा:
मी त्याच 2023 च्या चाचणीतून लागलो. कायम होण्याआधी शिक्षणसेवक, 16,000 मानधन, तीन वर्षं. (जानेवारी 2023 आधी हेच 6,000 होतं. त्यावर लोकांनी दिवस कसे काढले असतील?) घर लातूरला, शाळा नंदुरबारच्या डोंगरात. मला आईवडिलांकडे राहायची सोयच नाही. खोलीभाडं, डबा, गाडीचं पेट्रोल, दिवाळीला घरी जाणं एवढ्यात मानधन संपतं. मागच्या सालच्या सोयाबीनच्या पैशातून वडिलांनी मला गाडी घेऊन दिली. तरी ताई, माझ्या तीन वर्षांना शेवट आहे. तुमच्या टप्प्याला तारीख नाही. रोखठोक म्हणतात ते मला पटतं, तुम्ही बाहेर पडा.

एक बाप:
गुरुजी, एकत्र राहणं आणि अडकून राहणं यात फरक आहे. माझा मुलगा सेट ही प्राध्यापकाची पात्रता परीक्षा पास झालेला आहे, कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे घेऊन, शिकवतो. सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. वय 34. मुलीकडचे विचारतात, "कायम कधी होणार?" आम्ही गप्प बसतो. मी 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी नोकरीला लागलो, म्हणून जुनी पेन्शन आहे आणि घर चालतं. पेट्रोलला पैसे मागताना तो माझ्याकडे बघत नाही. मी गेल्यावर पेन्शन अर्धीमुर्धी त्याच्या आईला मिळेल. त्यानंतर काय?

निवृत्त गुरुजी:
तुमचं वाचून माझं वरचं बोलणं अपुरं वाटलं. आमच्या चुलीत चौघांचाही पगार येत होता.

रोखठोक:
मुलाबद्दल वाईट वाटलं. पण ताईंना माझा प्रश्न तोच आहे. नऊ हजारांसाठी सेवाज्येष्ठता कोण सांभाळतं? संस्थेने नेमणुकीला पैसे घेतले होते का?

कृष्णाकाठ:
घेतले. वडिलांनी विहिरीजवळचं अर्धा एकर विकलं. त्याबद्दल घरात आम्ही कुणी बोलत नाही.