दोन रंगांच्या विणकामाला बोटातली अंगठी: हवी की नको?

चोपड्याहून
दोन रंगांची नक्षी विणताना डाव्या तर्जनीत घालायची अंगठी, म्हणजे यार्न गाइड, नवशिक्यांनी पहिल्यापासून वापरावी असं माझं ठाम मत आहे. तिच्या कड्यांतून प्रत्येक रंगाचा धागा वेगळा येतो. हवा तो सुईने उचलायचा, एकमेकांत पीळ पडत नाही. आपल्या खान्देशात लोकर हातात धरवते ती दिवाळी ते संक्रांत. फाल्गुनात बोटांना घाम सुटतो, ॲक्रिलिक चिकटायला लागतं. तेवढ्यात नातवाचा स्वेटर व्हायचा, तर गुंता सोडवण्यात संध्याकाळी का घालवायच्या?

भुसावळहून
ताई, गुंता टळतो हे खरं, पण ताणाचं काय? अंगठीत दोन्ही धागे एकाच करंगळीवरून येतात आणि नक्षीत सारखे खर्च होत नाहीत. जमिनीच्या, म्हणजे नक्षीमागच्या मूळ रंगाचे चार टाके पडतात तेव्हा फुलाच्या रंगाचा एक. मग तो दुसरा धागा ढिला लोंबतो. घट्ट करायला जावं तर मागचा आडवा धागा आखडतो आणि स्वेटरला पुढून चुण्या पडतात. त्यापेक्षा एक रंग डाव्या हातात, एक उजव्यात धरायला शिका. स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांवरच्या फेअर आयल नक्षीत एका ओळीत सहसा दोनच रंग असतात, दोन हात पुरतात.

धुळ्याहून
मी धागा उजव्या हाताने टाकते, माझ्या काय कामाची ती? डाव्या बोटावर धागा धरणाऱ्यांनीच घ्यावी.

चोपड्याहून
भुसावळकर ताई, ताणाचा मुद्दा बिनतोड आहे. म्हणून एक धागा करंगळीवरून आणि दुसरा मधल्या बोटाखालून घ्यावा, म्हणजे दोन्ही वेगवेगळे ओढता येतात. पण आपल्या बहुतेक जणी स्वेटर सपाट विणतात, गोल सुईवर नाही. उलट ओळीत, म्हणजे मागच्या बाजूने परत येताना, दोन्ही हातांनी धागे सांभाळणं नवख्या मुलीला फार जड जातं. तिथे ती विणकामच सोडून देते, आणि मला तेच नको आहे.

भुसावळहून
उलट ओळीचं पटलं. तरी पाचेक टाक्यांपेक्षा लांब गेलेला धागा मागे अडकवायचा असतो, तेव्हा अंगठी आड येते, कारण धाग्यांची जागा बदलता येत नाही. नवशिकीला लहान नक्षी द्या, तीन-तीन टाक्यांची. त्यात अडकवावंच लागत नाही. तेवढ्यापुरती अंगठी चालेल. मोठी फुलं घेताना मात्र मी तिच्या बोटातून ती काढायला लावीन.