‘सांधा टिकला’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : खांद्याच्या अस्थिभंगानंतर बसवलेल्या कृत्रिम सांध्यांविषयीचा एक लेख मराठीत आणत आहे. ‘इम्प्लांट सर्व्हायव्हल’साठी ‘सांध्याचा टिकाव’ आणि ‘रिव्हर्स’साठी ‘उलटा सांधा’ हे शब्द योग्य ठरतील का?

प्रतिसाद : ‘टिकाव’ चालेल, मात्र कशाचा टिकाव, हे पहिल्याच उल्लेखात स्पष्ट करावे. बसवलेला भाग काढण्यासाठी वा बदलण्यासाठी फेरशस्त्रक्रिया झाली की नाही, एवढेच या संज्ञेत साधारणपणे मोजले जाते. त्यामुळे ज्याचा हात खांद्याच्या वर जात नाही, ज्याला केस विंचरता येत नाहीत आणि रात्री ठणक्याने झोप लागत नाही, त्याचाही सांधा, त्याने पुन्हा शस्त्रक्रिया करून घेतली नसेल तर, नोंदीत ‘टिकलेला’च राहतो. अस्थिभंगाच्या रुग्णांत ही तफावत विशेष जाणवते, कारण त्यांतील बरेच जण वयस्कर आणि ठिसूळ हाडांचे असतात. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा धोका पत्करण्यापेक्षा आहे ते सोसणे त्यांना, आणि कित्येकदा शल्यविशारदांनाही, श्रेयस्कर वाटते.

अमेरिकी शल्यविशारद चार्ल्स नीअर यांनी १९५०च्या दशकात पुढे आणलेला, केवळ दंडाच्या हाडाचा माथा बदलणारा अर्धसांधा घ्या. माथ्यालगतच्या ज्या उंचवट्यांना खांदा फिरवणारे स्नायू जोडलेले असतात, ते नीट सांधले गेले नाहीत, तर हात उचलणे अवघड होते. धातूचा भाग मात्र भक्कमच असतो. येथे ‘यशस्वी’ हा शब्द वापरणे दिशाभूल करणारे ठरेल.

दुसरा प्रतिसाद : ‘उलटा’ नको. फ्रेंच शल्यविशारद पॉल ग्रामों यांनी १९८५ मध्ये पुढे आणलेल्या रचनेत, नैसर्गिक सांध्याच्या विरुद्ध, गोळा खांद्याच्या पात्याच्या हाडावर आणि वाटी दंडाच्या हाडावर बसते, ज्यायोगे हात उचलण्याचे काम मुख्यतः खांद्यावरचा मोठा स्नायू करतो. मराठीत ‘उलटा बसवला’ म्हटले की चुकीचा बसवला, असाच अर्थ निघतो, आणि रुग्ण उगाच धास्तावतो. ‘व्यत्यस्त’ अचूक आहे, पण तो कोणी उच्चारणार नाही. ‘रिव्हर्स सांधा’च ठेवावा.

मूळ प्रश्नकर्ता : मग निरीक्षणकाळात रुग्ण दगावला, तर?

पहिला प्रतिसादक : त्याचा सांधा निकामी झाला, असे धरत नाहीत, त्याची नोंद तेथे थांबते. म्हणून ‘दहा वर्षांचा टिकाव’ याऐवजी ‘दहा वर्षांपर्यंत फेरशस्त्रक्रिया न लागण्याचे प्रमाण’ असे लिहावे आणि वेदना, हालचाल, जंतुसंसर्ग व सांधा निखळणे यांचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा.