अनुभव धागा : एक ते तीन वर्षांचं मूल – जेवण, ताप, बोल आणि हट्ट

पहिला वाढदिवस झाला की घरातल्या तक्रारी बदलतात. जेवत नाही, बोलत नाही, झोपत नाही, हट्टाला पेटतं. या तक्रारी आपण चार ठिकाणी घेऊन जातो, पण मूल एकच असतं. अंगात लोह कमी असलं की ते किरकिरतं, किरकिरं मूल नीट झोपत नाही, आणि झोप अपुरी असली की ताटावर बसवत नाही. म्हणून या वयाच्या मुलांबरोबर रोज काम करणाऱ्यांनाच इथे लिहायला बोलावलं आहे. विनंती एवढीच : माप, वेळ, क्रम आणि नेमकं कुठे चुकतं, ते लिहा.

आहारतज्ज्ञ

'जेवत नाही' यापासूनच सुरू करते. जन्मताना तीन किलोचं बाळ वर्षाचं होताना साधारण नऊ किलोचं होतं. पुढच्या अख्ख्या वर्षात मात्र ते अडीच किलोच्या आसपासच वाढतं. वाढ मंदावली की भूक मंदावणारच. आजी म्हणते, "मागच्या महिन्यात वाटीभर खायचा, आता चार घास." तिचं निरीक्षण बरोबर आहे, घाबरण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा नसतं. वजनाचा आलेख वर चढत असेल तर चार घास पुरे आहेत.

माप असं धरा : २५० मिलीची वाटी, एका वेळी पाऊण ते एक वाटी, दिवसातून तीन-चारदा, मध्ये एक-दोनदा खाऊ. ताटात आधी चारच चमचे वाढा, मागितलं तर पुन्हा द्या. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला. पुढचे दोन-अडीच तास पाण्याशिवाय काही नको. सगळं बिघडतं ते इथेच, कारण "निदान बिस्किट तरी खाऊ दे" म्हणून दिलेली चार बिस्किटं पुढच्या जेवणाची भूक मारतात.

वरणावरचं पाणी भरवणं बंद करा. त्यात पोट भरतं, हाती काही लागत नाही. मऊ खिचडी, वरण-भात, दुधात नव्हे तर वरणात कुस्करलेली पोळी, असं काहीही द्या, पण चमचा तिरका केला तरी घास ओघळू नये इतकं घट्ट. वर चमचाभर तूप घाला (५ ग्रॅम तुपात ४५ उष्मांक) आणि लिंबू पिळा. डाळी-पालेभाज्यांतलं लोह शोषायला लिंबातलं क जीवनसत्त्व मदत करतं. चहात बुडवलेली पोळी किंवा खारी या वयात नको, चहा लोह अडवतो. घरात चालत असेल तर अंडं, खिमा, काटे काढलेले मासे जरूर द्या. त्यांतलं लोह अंगी लागायला सोपं असतं.

आता दूध, कारण सर्वांत जास्त घोटाळा इथे आहे. दिवसाला ४०० ते ५०० मिली पुरे. २०० मिलीच्या चार बाटल्या पिणारं मूल ८०० मिलीवर जातं. ते गुटगुटीत दिसतं, पण दुधात लोह जवळजवळ नसतं, दुधातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोहही अडवतं आणि पोटात जेवणाला जागा उरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या १०० मुलांपैकी सुमारे ६९ जणांना रक्तक्षय आढळला. तो फक्त गरिबाच्या घरातला नाही. बाटली दीड वर्षापर्यंत सुटायलाच हवी. रात्री बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या मुलाचे पुढचे वरचे दात आधी किडतात. एकदम तोडू नका. आधी दुपारची बाटली कपाने, आठवड्याने सकाळची, झोपतानाची सगळ्यात शेवटी.

आशाताई लोहाचं सिरप देतात, त्याच्या १ मिलीत २० मिलिग्रॅम लोह असतं. आठवड्यातून दोनदा १ मिली, दुधासोबत नव्हे. शी काळी होते, ते अपेक्षितच आहे, त्या भीतीने बाटली कपाटात ठेवून देऊ नका. रक्तक्षय आधीच झाला असेल तर मात्र हा डोस पुरत नाही. मग डॉक्टर वजनावरून रोजचा डोस ठरवतात.

बालरोगतज्ज्ञ

वरच्या मजकुराला जोडूनच लिहितो. मूल रडता रडता श्वास रोखतं, ओठ निळे पडतात, अंग ढिलं पडतं किंवा ताठरतं आणि अर्ध्या-एक मिनिटात पुन्हा श्वास सुरू होतो. हे पाहिलेलं घर पुढे त्याला रडूच देत नाही, मागेल ते हातात देतं. मूल हे मुद्दाम करत नाही. अशा बऱ्याच मुलांच्या रक्तात लोह कमी सापडतं आणि ते भरून काढलं की हे प्रकार कमी होतात. म्हणून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा) तपासा, ताप उतरल्यावर, कारण संसर्गात फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं. आधी रडणं नसताना, खेळताखेळता किंवा झोपेत असं झालं तर ते वेगळं आहे. तेव्हा आकडीची आणि हृदयाची तपासणी हवी.

ताप. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं : एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. बाजारात तीन ताकदी मिळतात. ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम, एका सिरपमध्ये ५ मिलीत १२० आणि दुसऱ्यात ५ मिलीत २५०. म्हणजे तेच औषध, त्याच मुलाला, ड्रॉप्स असतील तर १.५ मिली, १२० चं सिरप असेल तर ६ मिली आणि २५० चं असेल तर ३ मिली. "मागच्या वेळी ६ मिली दिलं होतं" म्हणून २५० च्या बाटलीतून ६ मिली दिलं की डोस दुप्पट झाला, ड्रॉप्समधून दिलं तर चौपट. यकृतावर घाला येतो तो असा. बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा आणि सुईविना सिरिंजने मोजा. घरातल्या चमच्याचा भरवसा नाही.

खोकल्याचं सिरप स्वतःहून देऊ नका. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात दूषित सिरपमुळे मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली, त्यांतल्या कितीतरी मुलांना नागपूरला आणलं होतं. दोन वर्षांखाली ही औषधं द्यायचीच नाहीत आणि पाचपर्यंत सहसा टाळायची, ही केंद्र सरकारची सूचना आहे. नाक बंद असेल तर सलाइनचे थेंब आणि वर्ष पूर्ण झालेलं असेल तर झोपताना अर्धा चमचा मध.

जुलाबात ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. ग्लासभर पाण्यात पाकीट ओतलं तर मिठाचं प्रमाण इतकं चढतं की मूल आणखी बिघडतं. दोन वर्षांखाली दर पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्या. सोबत झिंक, २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून झिंक थांबवू नका.

तापात आकडी आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नको. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. थांबली तरी पहिल्या वेळी त्याच दिवशी दाखवायचंच.

अंगणवाडी सेविका

वजन दर महिन्याला, एकाच काट्यावर, कमीत कमी कपड्यांत. एका महिन्याच्या आकड्याने घाबरू नका. ओळीने दोन-तीन महिने रेघ आडवी राहिली तर मात्र थांबू नका. दंडाचा घेर डाव्या दंडावर, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर घ्यायचा, पट्टी आवळायची नाही. ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या मध्ये म्हणजे मध्यम. दोन्ही पावलं अंगठ्याने दाबून खड्डा राहत असेल तर घेर कितीही असो, लगेच पाठवायचं. सूज असलेलं मूल वजनाला भरतं, आणि घरच्यांना वाटतं सुधारतंय.

सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा आणि पोलिओचा बूस्टर. 'अ' जीवनसत्त्व २ मिली, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. लसी खासगीत घेणाऱ्या घरांत हेच राहून जातं, कार्ड उघडून बघा. जंताची गोळी एक ते दोन वर्षांना अर्धी, दोनच्या पुढे पूर्ण. ती दोन चमच्यांत बारीक कुटून पाण्यातूनच द्या, अख्खी गोळी ठसक्याने घशात अडकते.

वाचा आणि श्रवण उपचारतज्ज्ञ

'बोलत नाही' ऐकलं की आधी कान. "टाळी वाजवली की वळतो" ही तपासणी नव्हे. टाळी हा मोठा आवाज, शिवाय हात हललेला मुलाला दिसतो. त्याला 'भ' ऐकू येऊन 'स' येत नसेल तर ते टाळीत कळणार नाही. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानात पडद्यामागे पाणी साचतं, तेव्हा आपण कानात बोटं घालून ऐकावं तसं ते ऐकतं. ओएई आणि बेरा या कानाच्या तपासण्या झोपेत होतात, दुखत नाहीत. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे.

सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही किंवा दोन वर्षांपर्यंत 'बाबा आले', 'दूदू दे' अशी दोन शब्दांची जोडणी नाही, तर वाट पाहू नका. "याचे वडीलही उशिरा बोलले" हे खरं असलं तरी तपासणीने काही बिघडत नाही. 'मम्मम', 'भुर्र', 'भूभू' हेही शब्दच मोजा. शब्दांपेक्षाही मी बोटाकडे बघते. सव्वा वर्षाचं मूल चंद्राकडे बोट करून मग तुमच्या तोंडाकडे बघतं का? "तुम्हीही बघा ना" हे सांगणं म्हणजे संवादाची सुरुवात. ते नसेल, हाकेला वळत नसेल किंवा आलेले शब्द गेले असतील तर त्याच आठवड्यात दाखवा.

घरी काय करायचं? परीक्षा घेणं थांबवा. "हे काय? बोल ना, काय हे?" यातून मूल गप्प होतं. केळ्याकडे बोट करून ते "बा" म्हणालं तर तुम्ही म्हणा, "केळं. केळं हवं. केळं सोलूया." मग मनात पाचपर्यंत मोजा आणि गप्प राहा. ही पाच सेकंदं मोठ्या माणसांना फार जड जातात, पण मुलाचा आवाज तिथेच फुटतो. वाक्य त्याच्यापेक्षा एकाच शब्दाने मोठं ठेवा. दोन वर्षांखाली मोबाइल-टीव्ही नाहीच (आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल चालेल), पुढे तासाच्या आत. बडबडगीतांचे व्हिडिओ पाहून अंक-रंग घोकणारी पण "पाणी" न मागणारी मुलं नेहमी येतात. पडदा उत्तराची वाट बघत नाही.

दुबई, न्यू जर्सी, बंगळुरू इथून एकच प्रश्न येतो : मराठी सोडू का? सोडू नका. दोन भाषांनी बोलणं रखडत नाही, फक्त दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजा.

बालवाडी शिक्षिका

या वयाला 'शिकवणी' नको, हाताला काम हवं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, आणि परिसरात मिळेल तेच साहित्य केलं. तुमचं स्वयंपाकघर तसंच आहे. एकात एक बसणाऱ्या वाट्या, डबे आणि त्यांची झाकणं, कांदे एका टोपलीत अन् बटाटे दुसरीत, कणकेचा गोळा, एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतणं. एका वेळी तीन-चारच वस्तू द्या. वीस खेळणी पुढे असली की मूल एकाही वस्तूजवळ थांबत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. संक्रांतीनंतर बोरन्हाण करतो, त्यात बोरं, हलवा, हरभरे, शेंगा, उसाचे करवे डोक्यावरून ओततो आणि मुलं ते वेचून थेट तोंडात घालतात. बोराची आठळी, शेंगदाणा, फुटाणा श्वासनलिकेत नेमके बसतात. बाळाच्या डोक्यावर चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या घाला, बाकीचं मोठ्या मुलांच्या पिशवीत द्या. द्राक्षं कायम उभी चिरून, शेंगदाणे चार-पाच वर्षांपर्यंत फक्त कुटाच्या रूपात. अडकलंच आणि आवाज निघत नसेल तर मूल पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा, मग पाठीमागून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर पाच दाब, आळीपाळीने. घशात आंधळेपणाने बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. चपटी बटण बॅटरी गिळली असेल तर उलटी न काढता लगेच रुग्णालय. दोन तासांतही अन्ननलिका जळते.

बाल समुपदेशक

हट्टाच्या वेळी क्रम असा : आधी खाली बसा, तुमचे डोळे त्याच्या उंचीला येऊ द्या. मग एकच वाक्य, "तुला चाकू हवा होता, मी दिला नाही, राग आला." नंतर गप्प. समजावणं, प्रश्न, धमकी, लाच, काहीही नको. त्या क्षणी त्याला भाषा ऐकूच येत नसते. डोकं आपटत असेल तर हात मध्ये घाला. रडणं हुंदक्यांवर आलं की उचला, पाणी द्या. चाकू मात्र तरीही द्यायचा नाही. आई 'नाही' म्हणते आणि पाचव्या मिनिटाला आजोबा देतात, तर मूल पाच मिनिटं रडायचं असतं एवढंच शिकतं. घरातल्या मोठ्यांनी 'नाही' च्या चारच गोष्टी ठरवाव्यात, पण त्या सगळ्यांनी पाळाव्यात.

आठवडाभर वेळा लिहून ठेवा. हट्ट बहुतेक जेवणाच्या आधी अर्धा तास आणि दुपारची झोप चुकली त्या संध्याकाळी दिसतील. एक ते दोन वर्षांना चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते. रात्री अकराला झोपणाऱ्या मुलाचा स्वभाव सुधारण्याआधी त्याची वेळ सुधारा, दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणत.

पाळणाघर सुरू करताना पहिले तीन दिवस अर्धा तास आणि तुम्ही तिथेच. मग तुम्ही दहा मिनिटं बाहेर, मग तासभर. नजर चुकवून निघू नका. ते त्या दिवशी कमी रडेल, पण पुढे तुम्ही बाथरूमला गेलात तरी दाराला चिकटेल. "आई जाते. वरण-भात खाल्लास की येते," असं त्याला कळणाऱ्या खुणेने सांगा आणि त्याच वेळी या.

बालरोगतज्ज्ञ

वरच्यात माझी एक भर. "जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील" हे कृपया बंद करा. असं मूल दाराशीच किंचाळतं आणि छातीतला आवाज धड ऐकता येत नाही. लसीच्या दिवशी खरं सांगा, "टुच होईल, दुखेल, मी धरून ठेवीन." आडवं पाडून हात-पाय दाबू नका. छातीशी छाती लावून मांडीवर उभं धरा, त्याचे पाय तुमच्या कमरेभोवती, एक हात तुमच्या काखेतून मागे. मांडी आणि दंड दोन्ही नर्सला मोकळे मिळतात. सुई निघेपर्यंत गाणं थांबवू नका.