संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू करून पाच आठवडे झाले, सूज अजून आहेच. औषध बदलायचं का?

निरगुडी
घरातल्या पेशंटसाठी विचारते आहे. स्त्री, वय ४१, वजन ५८ किलो, रुमॅटॉइड आर्थरायटिस (प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात), अँटी-सीसीपी (त्याची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह. दर रविवारी मेथोट्रेक्सेट १० मिग्रॅ, सोमवारी फॉलिक ॲसिड ५ मिग्रॅ, शिवाय रोज सकाळी प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) १० मिग्रॅ. सकाळचं आखडणं दोन तासांवरून एका तासावर आलं, पण मनगटं आणि बोटांच्या मुळाचे सांधे सुजलेलेच आहेत. सोमवारी दिवसभर मळमळ. परवाच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) ६२, लॅबची वरची मर्यादा ४०.

औषध लागू पडत नाही असं धरायचं का? मळमळ कमी व्हावी म्हणून निम्मा डोस रविवारी, निम्मा बुधवारी घेतला तर चालेल का? आणि लिव्हरसाठी दोन आठवडे गोळी थांबवावी का? अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे.

तिसरा प्रहर
आधी मधला प्रश्न, कारण धोका तिथे आहे. रविवार-बुधवार अशी वाटणी करू नका. डोस वाटायचाच असेल तर एकाच दिवशी, सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतराने, आणि तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर. आठवड्यातले बाकीचे दिवस शरीराला औषधापासून मोकळे मिळायला हवेत. अस्थिमज्जेतल्या आणि तोंडाच्या अस्तरातल्या पेशी सतत विभागत असतात, त्या याच दिवसांत सावरतात. हीच गोळी चुकून रोज घेतली गेली की आधी तोंड येतं, गिळताना दुखतं, मग पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात. जीव जाऊ शकतो. अशा वेळी फॉलिक ॲसिड वाढवून भागत नाही. ते कामी येण्यासाठी जे एन्झाइम लागतं तेच मेथोट्रेक्सेटने अडवलेलं असतं. तिथे हॉस्पिटलमध्ये फोलिनिक ॲसिड द्यावं लागतं, त्याला ते एन्झाइम लागत नाही.

म्हणून चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा, रविवारी' असं अक्षरात लिहून घ्या. घरात एकाच ताकदीच्या गोळ्या ठेवा. २.५ आणि १० मिग्रॅच्या गोळ्या मिसळल्या की चौपट डोस जायला वेळ लागत नाही. डोस चुकला तर दोन दिवसांच्या आत घेता येतो. त्यानंतर तो आठवडा सोडायचा, पुढच्या रविवारी दुप्पट घ्यायचा नाही.

आता औषध बदलण्याबद्दल. १० मिग्रॅ हा सुरुवातीचा डोस आहे. तो साधारण २ ते ४ आठवड्यांनी थोडा थोडा वाढवत, सोसेल तसा २० ते २५ पर्यंत नेतात, आणि परिणाम दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात. आत्ता जो आराम दिसतो आहे तो बहुतांशी प्रेडनिसोलोनचा. पाच आठवड्यांत, तेही १० मिग्रॅवर, मेथोट्रेक्सेटला नापास करणं घाईचं होईल. तीन महिन्यांनी स्पष्ट सुधारणा नसेल, किंवा सहा महिन्यांनी लक्ष्य गाठलं नसेल, तेव्हा उपचार बदलायचे. लक्ष्य म्हणजे डीएएस-२८ हा आकडा (२८ सांधे आणि रक्तचाचणीवरून काढलेला आजाराचा जोर) २.६ च्या खाली, निदान ३.२ च्या आत. सुजलेले आणि दुखरे सांधे दर भेटीत मोजून लिहून ठेवायला सांगा. 'बरं वाटतंय' एवढ्यावर डोस ठरू नये.

वाळ्याचा पडदा
एसजीपीटीचं रक्त कोणत्या वारी दिलं होतं?

निरगुडी
मंगळवारी सकाळी.

वाळ्याचा पडदा
मग तो आकडा पुन्हा तपासल्याशिवाय धरू नका. डोसनंतर एक-दोन दिवस एन्झाइम तात्पुरतं चढतं. नमुना पुढच्या डोसच्या आधी, म्हणजे शुक्रवारी किंवा शनिवारी द्या. तसंही ६२ म्हणजे मर्यादेच्या दीडपट. एवढ्यावर सहसा औषध बंद करत नाहीत, २ ते ४ आठवड्यांनी पुन्हा बघतात. तिप्पटीच्या वर गेलं तर थांबवून कारण शोधायचं. दारू पूर्ण बंद हवी. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं किंवा पॅरासिटामॉल रोज चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. हिपॅटायटिस बी आणि सी सुरुवातीला तपासलं होतं का, तेही विचारा.

लिव्हरकडे सगळ्यांचं लक्ष असतं, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) मात्र राहून जातं. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलं की नेहमीचाच डोस विषारी ठरू शकतो. अशा आठवड्यात डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. ताप असेल किंवा अँटिबायोटिक चालू असेल तरीही तसंच. लघवीच्या संसर्गासाठी कोणी कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे आवर्जून सांगा. ही जोडी रक्तपेशी झपाट्याने पाडते. पहिले तीन महिने रक्तपेशी, एसजीपीटी आणि क्रिएटिनिन दर २ ते ४ आठवड्यांनी, नंतर ८ ते १२ आठवड्यांनी.

तिसरा प्रहर
मळमळीचं राहिलं. गोळ्या रात्री जेवणानंतर घ्या, त्रासाचे पहिले तास झोपेत जातात. तरी भागलं नाही तर फॉलिक ॲसिडचे दिवस वाढवता येतात, फक्त रविवार सोडून. १५ मिग्रॅच्या पुढे आतडं औषध पूर्ण शोषत नाही, म्हणून तिथून वर जाताना त्वचेखालचं इंजेक्शन विचारा. त्याच डोसमध्ये जास्त औषध रक्तात पोहोचतं आणि मळमळही अनेकांची कमी होते.

वय ४१ म्हणून एक महत्त्वाचं: औषध चालू असताना गर्भधारणा होता कामा नये. मूल हवं असेल तर १ ते ३ महिने आधी, डॉक्टरांना विचारून, ते बंद करावं लागतं.

निरगुडी
शनिवारी रक्त देतो. प्रेडनिसोलोन मात्र ती उद्यापासूनच बंद करते म्हणते, चेहरा सुजतो म्हणून.

वाळ्याचा पडदा
नको. पाच आठवडे रोज घेतल्यावर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, मंदावलेलं असू शकतं. एकदम थांबवलं तर गळून जाणं, चक्कर, रक्तदाब उतरणं होऊ शकतं, आणि सांधे उसळतात ते वेगळंच. १० वरून ७.५, मग ५, असं पायरीपायरीने उतरवतात. मेथोट्रेक्सेटचा डोस वर जात असताना हे खाली आणायचं, शक्यतो तीन महिन्यांच्या आत पूर्ण बंद. पायऱ्या किती दिवसांच्या ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, त्यासाठी तीन आठवडे थांबू नका, फोनवरच विचारा. आणि कोरडा खोकला, धाप, ताप असं एकत्र सुरू झालं तर पुढचा रविवारचा डोस न घेता त्याच दिवशी दाखवा. मेथोट्रेक्सेटने फुप्फुसाला सूज येते तेव्हा सुरुवात अशीच होते.